एनिस्क्रोनचं शेवाळस्नान: आतून कडी लावून भेटणारा समुद्र

न्हाणीच्या दाराला आतून कडी आहे. परीक्षणाची सुरुवात कडीपासून करते आहे, कारण आमच्या सासूबाई आत गेल्या त्या कडी बघून. आणि सव्वाशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या किनाऱ्यावर येणाऱ्या बायकांनाही ती कडी तितकीच मोलाची वाटली असणार, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

जागा आहे काउंटी स्लायगोमधलं एनिस्क्रोन. अटलांटिकच्या काठावर, किलाला उपसागराच्या कडेला वसलेलं छोटं गाव. गावाला लागूनच पाच किलोमीटर लांब वाळूचा किनारा आहे. तिथलं किल्कलन्स बाथहाऊस १९१२ साली बांधलेलं आणि तेव्हापासून एकाच कुटुंबाने चालवलेलं. गरम केलेलं समुद्राचं पाणी, त्यात त्या दिवसाचं ताजं समुद्रशेवाळ आणि एक भलामोठा टब, एवढ्यासाठीच इथे यायचं.

आम्ही गॉलवेत राहतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. संध्याकाळी सॉल्टहिलच्या फरसबंद किनाऱ्यावरून चालायला त्यांना फार आवडतं, पण पाण्यात पाय घालायचा विषय निघाला की त्या बाकावर बसून घेतात. "आई, चला ना जरा," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तू जा. मी चपला सांभाळते." भीती पाण्याची नाही. चार लोकांसमोर ओल्या कपड्यांनी उभं राहणं त्यांना नको असतं. अर्धी चड्डी, पोहण्याचा पोशाख हे तर सोडाच.

एके दिवशी त्यांनी एका पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" सॉल्टहिलच्या त्या पट्ट्याला आजही लेडीज बीच म्हणतात. मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे बाकीचा सगळा पुरुषांचा होता का?"

त्या प्रश्नापायी मी पुढचे काही आठवडे जे मिळेल ते वाचत बसले. सगळा नाही, पण चांगला भाग बहुतेक पुरुषांचाच होता, हे त्याचं खरं उत्तर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बायका आणि पुरुष वेगवेगळे न्हात. काही ठिकाणी वेळ वाटलेली असे, काही ठिकाणी जागा. केरीमधल्या बॅलीबनियनला ती वाटणी अजून डोळ्यांनी दिसते. कड्यावर जुन्या किल्ल्याची एकच भिंत उभी आहे. तिच्या एका बाजूचा किनारा मेन्स स्ट्रँड, दुसऱ्या बाजूचा लेडीज स्ट्रँड. आता कुणीही कुठेही जातं, पण नावं तीच राहिली आहेत. क्लेअरमधल्या किल्कीला ओहोटीला उघडे पडणारे खडकातले डोह आहेत, पोलॉक होल्स म्हणतात त्यांना. प्रत्येक भरतीला त्यांत नवं पाणी येतं. असं स्वच्छ, शांत पाणी बराच काळ पुरुषांचंच मानलं जात होतं. डब्लिनजवळ सँडीकोव्हला फॉर्टी फूट आहे, खडकावरून थेट खोल पाण्यात उडी मारायची जागा. तिथे पुरुष विवस्त्र पोहत आणि तिथला फलक सांगे की ही सद्गृहस्थांची न्हाण्याची जागा आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात काही बायका फलक हातात घेऊन तिथे गेल्या आणि पाण्यात उतरल्या, तेव्हा कुठे ती मक्तेदारी मोडली. १९७४! माझ्या सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बायकांच्या वाट्याला काय आलं होतं, तर चाकांवरची लाकडी खोली. घोडा ती खोली पाण्यापर्यंत ओढत नेई. बाईने आत अंधारात कपडे बदलायचे, समुद्राच्या बाजूच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचं, थोड्या डुबक्या घ्यायच्या आणि पुन्हा आत. अंगावर सर्जचा किंवा फ्लॅनेलचा, म्हणजे लोकरी कापडाचा झगा, खाली विजार, बहुतेकदा पायमोजे आणि केसांवर टोपी. ओली लोकर किती जड होते हे ज्याने हाताने स्वेटर पिळला आहे त्याला सांगायला नको. तेवढं ओझं घेऊन पोहणार कोण? उभ्याने बुडून वर यायचं, एवढंच. डनेगॉलमधल्या बंडोरनला किनाऱ्यालगत एक बांधलेला तलाव आहे, थ्रप्पनी पूल. आत जायला तीन पेनी पडत म्हणून ते नाव. ती जागाही बायकांच्या न्हाण्याचीच.

या सगळ्यात गरम पाण्याची न्हाणीघरं काय होती ते मला एनिस्क्रोनला गेल्यावर नीट उमगलं. बंद दार, कुणाची नजर नाही, अंगावर ओल्या लोकरीचं ओझं नाही, आणि तरीही समुद्र तोच. भरतीची वेळ बघायला नको, ऊन पडायची वाट बघायला नको. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा उन्हाळा ज्याने बघितला आहे त्याला या शेवटच्या गोष्टीची किंमत कळेल.

आता प्रत्यक्ष स्नान.

इमारत लांबट, बुटकी, समुद्राकडे तोंड करून आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा नाकाला कळतं: मीठ, ओलं लाकूड आणि ओहोटीच्या वेळी खडकांना येतो तो शेवाळाचा वास. सुगंधी मेणबत्त्या नाहीत, बासरीचं संगीत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण याआधी एका दुसऱ्या गावात मी शेवाळस्नानाच्या नावाखाली कोमट पाण्यात सोडलेली वाळक्या भुकटीची पुडी अनुभवली आहे, वर छताला लावलेला स्पीकर. त्या ठिकाणाचं नाव घेत नाही. पण तो अनुभव घेऊन कुणी शेवाळस्नान म्हणजे असंच असतं असा ग्रह करून घेतला असेल, तर त्याने एकदा इथे यावं.

प्रत्येकाला स्वतंत्र न्हाणी मिळते. दोघांसाठीच्याही आहेत, पण आईंनी ठामपणे वेगळी मागितली. काम करणाऱ्या मुलीने दोघींना सगळं दाखवलं आणि ती निघून गेली. आईंनी दोनदा कडी लावून काढून पाहिली, मग मला म्हणाल्या, "जा तू तुझ्या खोलीत. लागलं तर हाक मारीन."

कोपऱ्यात सीडरच्या लाकडाची वाफेची पेटी असते. आत बसायचं, दार लावायचं आणि डोकं वरच्या भोकातून बाहेर ठेवायचं. वाफ आपल्या हाताने कमी-जास्त करता येते. डोकं बाहेर थंड हवेत असल्यामुळे जीव गुदमरत नाही. मला बंद वाफेच्या खोल्यांत नेहमी कोंडल्यासारखं होतं, इथे झालं नाही. पाच मिनिटांत खांदे सैल पडले. लाकूड तापलं की त्याला जो वास सुटतो तो मला अजून आठवतो आहे.

मग टब. १९१२ चेच टब आजही वापरात आहेत. पांढरे, जाड, इतके लांब की माझे पाय पलीकडच्या टोकाला टेकत नव्हते. त्यावर पितळेच्या मोठाल्या तोट्या. त्या फिरवायला मनगटाचा जोर लागतो, आणि पाणी येतं ते धो धो. पाण्याचा रंग फिकट चहासारखा, सोनेरी-तपकिरी. त्यात शेवाळाचे झुबकेच्या झुबके. हे शेवाळ दातेरी काठाचं, सपाट पट्ट्यांचं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांच्या अगदी खालच्या पट्ट्यात ते वाढतं, त्यामुळे ते कापायचं तर समुद्राच्या वेळापत्रकाने चालावं लागतं. बुंधा तसाच ठेवून वरचा भाग कापला की पुन्हा वाढतं. खडकावर असताना ते काळपट तपकिरी दिसतं. कढत पाणी पडलं की तो रंग जातो आणि एकदम हिरवंगार होतं. आपण भाजी उकळत्या पाण्यात टाकल्यावर क्षणभर जसा रंग उजळतो ना, तसं.

पहिला स्पर्श, खरं सांगते, विचित्र वाटतो. काहीतरी जिवंत पायाला गुंडाळलं जातंय असं. दोन मिनिटं मी पाय आखडूनच बसले. मग पाणी बदलायला लागलं. शेवाळातून एक बुळबुळीत, दाटसर रस सुटतो. अल्जिनेट म्हणतात त्या द्रव्याला. थोड्याच वेळात सगळ्या पाण्याला तेलाचा स्निग्धपणा येतो, पण अंगावर तेलाचा थर मात्र बसत नाही. मी एक झुबका उचलून खांद्यावर ठेवला, मग मानेवर, मग दंडांवरून फिरवला. समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि इथे साबण लागतही नाही. मीठ इतकं की शरीर आपोआप वर उचललं जातं. डोळे मिटले तर बाहेर लाटांचा आवाज येत होता, आणि तेच पाणी माझ्या हनुवटीपर्यंत गरम होऊन आलं होतं.

शेवटी डोक्यावरून गार समुद्राच्या पाण्याचा शॉवर. ऐच्छिक आहे, पण चुकवू नका. श्वास अडकतो, तोंडातून आवाज निघतो आणि त्यानंतर जी ऊब आतून वर येते ती संध्याकाळपर्यंत टिकते.

भिंतीपलीकडून आईंचा आवाज आला नाही. मला काळजी वाटायला लागली होती. तासाभराने त्या बाहेर आल्या तेव्हा केस ओले, गाल लाल, आणि पहिला प्रश्न: "तेल कुठलं घालतात गं हे?"

"तेल नाही आई, शेवाळातूनच सुटतं ते."

"दिवाळीतल्या अभ्यंगासारखी कातडी झाली बघ." त्यांनी हात पुढे केला. खरंच झाली होती.

गुडघ्यांबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण बरेच जण त्याच आशेने येतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आई घरचा जिना न थांबता चढल्या. तिसऱ्या दिवशी कुरकुर परत आली. गरम पाण्याने आणि वाफेने सांधे सैल होतात, स्नायू मोकळे होतात, तेवढं मी स्वतः बघितलं. यापेक्षा मोठं आश्वासन मी कुणाला देणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी लोक इथे संधिवातासाठीच येत. सुट्टीतला ऐषआराम म्हणून शेवाळस्नान घेणं हे अलीकडचं. तेव्हा ते औषध होतं.

स्नानानंतर तिथल्याच चहाच्या खोलीत समुद्राकडे बघत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. आईंच्या साडीचं कौतुक करून त्यांनीच बोलायला सुरुवात केली. त्यांची आई दरवर्षी गवत कापून, वाळवून, रचून झालं की इथे यायची, आणि जमेल तितके दिवस रोज एक स्नान घेऊन घरी परतायची, असं त्यांनी सांगितलं. "वर्षातून तेवढेच दिवस तिला कुणी हाक मारत नसे," हे त्यांचं वाक्य मी आईंना मराठीत सांगितलं तेव्हा आईंनी त्यांचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी त्या तशाच थोडा वेळ बसून राहिल्या.

त्या आजींनी जे सांगितलं ते आयर्लंडच्या सगळ्याच किनाऱ्याला लागू आहे. शहरातली मंडळी रेल्वेने येत. वॉटरफर्डहून ट्रॅमोरला रेल्वे १८५३ मध्येच गेली होती, किल्कीला १८९२ मध्ये पोचली. लिस्टोलहून बॅलीबनियनला तर १८८८ ते १९२४ एकाच रुळावर, घोड्याच्या पाठीवरच्या पडशीसारखी दोन्ही बाजूंनी लोंबणारी गाडी धावत असे. दोन्हीकडे वजन सारखं ठेवावं लागे. शेतकरी कुटुंबं मात्र हंगाम बघून येत. १५ ऑगस्ट हा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. त्या दिवशी समुद्राच्या पाण्यात औषधी गुण असतो अशी श्रद्धा होती, आणि आतल्या गावांतून गाड्या भरभरून माणसं किनाऱ्यावर लोटत. ज्यांना उभ्या आयुष्यात पोहता आलं नाही अशा म्हाताऱ्या माणसांनाही त्या दिवशी पाण्यात बुडवून काढत. आपल्याकडे पर्वणीचं स्नान ज्यांनी बघितलं आहे त्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही. आईंना तर नाहीच वाटलं. "मग आपण त्याच आठवड्यात आलो की," त्या म्हणाल्या. आम्ही गेलो तो १३ ऑगस्ट होता.

अशी न्हाणीघरं तेव्हा ठिकठिकाणी होती. डब्लिनजवळच्या डन लेअरीला, तेव्हाच्या किंग्जटाउनला, १८४३ पासून होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नगरपालिकेने ती नव्याने बांधली, तिथेही गरम समुद्रजल आणि शेवाळाचे टब होते. शतक संपता संपता ती बंद पडली. २०२२ च्या अखेरीस ती जागा दुरुस्त होऊन लोकांसाठी खुली झाली. मी बघून आले. धक्का सुंदर केला आहे, तिथून पाण्यात उतरता येतं, पण गरम टब आता नाहीत. स्लायगोमधल्याच स्ट्रँडहिल गावचं जुनं न्हाणीघर १९६१ च्या डेबी वादळाने नेलं. आज तिथे शेवाळस्नान मिळतं ते नव्या इमारतीत. एनिस्क्रोनमध्येच किनाऱ्याच्या खडकावर त्याहून जुन्या क्लिफ बाथ्सचे अवशेष उभे आहेत, ऑर्म या जमीनदार घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधलेले. छोट्या किल्ल्यासारखे दिसतात. छत नाही, लाटा पार भिंतीपर्यंत येतात. स्नानानंतर आवर्जून तिथवर चालत जा. ते भग्न दगड बघितल्यावर शेजारच्या इमारतीतल्या पितळी तोट्या आजही फिरतात याचं अप्रूप जास्त वाटतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आम्ही गेलो तेव्हा एका माणसाला तीस युरोंच्या वर पडले. नेमका दर आणि वेळ फोन करून विचारा, उन्हाळ्यात आगाऊ वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. रेल्वेने यायचं तर बॅलिना हे जवळचं स्टेशन, डब्लिनहून येताना मनुला जंक्शनला गाडी बदलावी लागते. बॅलिनापासून पुढे तेरा-चौदा किलोमीटरचा रस्ता. चांदीचे दागिने घरी ठेवा. अंगावर ताजी जखम असेल तर मीठ झोंबेल. गरोदर बायका, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, आणि थायरॉइडचं औषध घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शेवाळात आयोडीन भरपूर असतं. टबातून उठताना घाई करू नका, पाय बुळबुळीत झालेले असतात आणि डोकं हलकं. आईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की कठड्याला धरून, बसत बसत बाहेर या. वयस्कर माणसाला नेणार असाल तर तुम्हीही सांगा. स्नानानंतर लगेच गाडी चालवायला बसू नका. चहा घ्या, सोबत काहीतरी खा, भूक सपाटून लागते.

कुणी जाऊ नये? ज्यांना मऊ झगे, मंद दिवे आणि तळव्यांना मालीश हवं आहे त्यांनी. इथे भिंती साध्या आहेत, लाद्या साध्या आहेत, टॉवेल म्हणजे टॉवेल आहे. मला तेच आवडलं. १९१२ मध्ये कष्टाने थकलेल्या शरीरासाठी जे बांधलं ते आजही तसंच काम करतं आहे, आणि टबात शिरणाऱ्या बाईला ती कोण, कशी दिसते, हे इथे कुणी विचारत नाही.

परवा सॉल्टहिलला आई बाकावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "चपला तू धर जरा." लेडीज बीचवर त्या घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या, साडी एका हाताने वर धरून. पाणी बर्फासारखं होतं. दोन लाटा झाल्यावर परत आल्या आणि म्हणाल्या, "ते गरम करून देतात तेच बरं."

त्यांचं परतीचं विमान २ सप्टेंबरला आहे. ३० ऑगस्टची सकाळची वेळ मी घेऊन ठेवली आहे, दोन न्हाण्या, शक्यतो शेजारी शेजारी.